कांजिण्या येऊन गेल्यात का?

पेणला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. वॉर्डात तापानं फणफणलेली एक बाई आली होती, धरमतरकडे मिठागरावर काम करणारी. सकाळभर मी तिचं अंग पुसत होते. तोंडाला मास्क होता, पण साधा. तिला काय झालंय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर पाण्याचे फोड उठले.

वॉर्डच्या सिस्टरनी आम्हा विद्यार्थिनींना एकच विचारलं, लहानपणी कांजिण्या कुणाकुणाला येऊन गेल्यात? त्यांना सहसा पुन्हा होत नाहीत. मला काही आठवेना. असल्या गोष्टी आईलाच माहीत, म्हणून रोह्याला घरी फोन लावला. आई कामाच्या गडबडीत होती. चटकन म्हणाली, तुला नाय, भावाला आल्या होत्या, तेव्हा तुला मामाकडं ठेवली होती. मग विचारलं, का गो?

कारण सांगितलं तसं दोघींनाही बारसं आठवलं. पुढच्या रविवारी भावाच्या मुलीचं बारसं होतं. पोर दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, काचेच्या पेटीतून नुकतीच घरी आलेली. मी तिची एकुलती एक आत्या. तिच्या कानात कुर्र करून नाव मीच सांगायचं आणि बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायचे, हे ती पोटात असल्यापासून ठरलेलं. पण सिस्टरनी बजावलं होतं, लागण झाली असेल तर तीन आठवड्यांत कधीही दिसेल आणि फोड उठायच्या आधीच दुसऱ्याला लागेल. तोवर तान्ह्या बाळाजवळ फिरकायचं नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "तुला पण आल्या होत्या गो. मना आता आठवलं. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली होती. ये तू."

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. खरं सांगायचं तर तिचं ऐकावं असं मनापासून वाटत होतं. पेणहून रोहा ते काय लांब? गाडीत बसलं की पोचलं.

"आई, मी तुझं सकाळचंच खरं धरते," मी म्हटलं. तिनं फोन ठेवून दिला.

बारशाला भावानं व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या काकी आत्या झाल्या, त्यांच्या पाठीत धपाटे पडले, सगळे हसले. आई फोनसमोर आलीच नाही. हॉस्टेलच्या खोलीत बसून मी पोटभर रडले.

त्यानंतर रोज सकाळी आरशासमोर गळा, पोट, पाठ तपासायची. एकही फोड आला नाही. नातेवाईक म्हणाले, पोरीनं उगाच बाऊ केला. झालं नाही ते दाखवणार कसं?

तीन आठवडे उलटल्यावर रोह्याला गेले. वहिनीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. अंगाला वेखंडाचा वास येत होता. मी वाकून कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. तेवढ्यात मागून पाठीत जोरात धपाटा बसला. वळून पाहिलं तर आई. डोळे भरलेले.

"तुला नव्हत्या आल्या गो," ती म्हणाली.