सपरी नसलेलं घर

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला ग्रामीण घराचा प्रोजेक्ट होता. वर्गातल्या नागपूरच्या मुलांनी नेटवर गावं शोधली. मला शोधायची गरज नव्हती. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या बाजूला माझं स्वतःचं गाव होतं, आणि गावात मोठेबाबांच्या नावाने नुकतंच घरकुल मंजूर झालं होतं. कागदावरचं घर खरोखर बांधलं जाणार म्हटल्यावर मी हवेत होतो. सरांनी वर्गात माझं उदाहरण दिलं, तेव्हा तर जमिनीला पायच लागेनात.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. धानाची शेती होतीच, पण गावात त्यांची ओळख कवेलू फेरणारा म्हणून. पावसाळ्याआधी छपरावरची कवेलं काढून, फुटकी बाजूला करून परत रचायची, हे काम त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरावर चढून केलं होतं. कुणाच्या घरात छपराची कोणती मयाल, म्हणजे तुळई, वाकली आहे, हे घरमालकाआधी त्यांना ठाऊक असायचं. मग एका सकाळी लकवा मारला आणि डावी बाजू गेली. जीभ जड झाली तरी बोलणं थांबलं नाही.

मी सर्व्हेला गेलो तेव्हा ते जुन्या मातीच्या घराच्या सपरीत खाटेवर पडलेले असायचे. सपरी म्हणजे घरापुढची उघडी पडवी. आमच्याकडे घराचं सगळं बसणं-उठणं तिथेच. समोरून रस्ता. चार दिवस मी त्यांच्या खाटेशेजारी टेप आणि वही घेऊन बसलो. मला माहिती विचारत गावभर हिंडावंच लागलं नाही. शेतावर जाणारा थांबायचा, तंबाखू मळायचा, मोठेबाबांना दोन शिव्या द्यायचा, दोन घ्यायचा, आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं देऊन पुढे जायचा.

"काऊन रे, मोजून मोजून का करून राहिला?" मोठेबाबा विचारायचे.

"तुमचं नवीन घर."

"मंग मजबूत काढजो. हे घर मी हाय तवरिक उभं हाय."

त्या चार दिवसांचं मी वहीत काय लिहिलं, ते अजून माझ्याकडे आहे. 'समस्या' असा मथळा, खाली रेघ. धूळ. आवाज. वृद्ध रुग्ण उघड्यावर झोपतो. खाजगीपणा नाही. अक्षर फार सुंदर आहे.

घरकुलाला जागा मोजकीच मिळते. काही ठेवायचं तर काही सोडावं लागतं. मी मागच्या बाजूला मोठेबाबांसाठी स्वतंत्र खोली काढली. लागून संडास, धरायला भिंतीत दांडा, सांदवाडीकडे, म्हणजे परसात, उघडणारी मोठी खिडकी. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून मधे वळणाचा बोळ. एवढं सगळं बसवताना सपरी गेली. ती गेली याची हळहळसुद्धा मला वाटली नाही. पुढे हॉल होताच की.

ज्युरीला, म्हणजे परीक्षणाला, बाहेरून आलेल्या बाईंनी मॉडेलचं छप्पर उचलून ती खोली पाहिली आणि म्हणाल्या, फार संवेदनशील मुलगा आहे. त्या वर्षी डिझाइनला सगळ्यात जास्त मार्क मला पडले.

दादाने, म्हणजे मोठेबाबांच्या मुलाने, मोबाइलवर नकाशा पाहिला. त्याची गोंदियात ये-जा, त्यामुळे बोलण्यात निम्मं हिंदी. "बढिया आहे यार, हेच बांधू," म्हणाला. मोठी आई, मोठेबाबांची बायको, मात्र नकाशावर बोट फिरवत राहिली.

"सपरी कुठी हाय?"

"हॉल आहे ना, मोठी आई."

"हालमंदी कोन येऊन बसते?"

मी हसलो. शिकल्या-सवरल्या माणसाचं ते हसणं मला आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. घर पाडून सल्ला देणाऱ्या उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आम्ही लहानपणी ऐकलेली. पण ती ऐकताना आपण उंटावर असू, असं कुणाला वाटतं?

दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत गावी गेलो तेव्हा जुनं घर पाडून त्या जागी नवीन घर उभं होतं. भिंती सरळ, फरशी चकचकीत. शेवटची तपासणी तेवढी बाकी होती. मोठेबाबा मागच्या खोलीत लोखंडी पलंगावर होते. अंगाखाली स्वच्छ चादर, वर पंखा. खिडकीतून तणसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग आणि शेजाऱ्याची पाठभिंत दिसत होती. मी तासभर बसलो. त्या तासात खोलीत एक कोंबडी सोडून कुणी आलं नाही.

"कसं वाटते, मोठेबाबा?"

"चांगलं हाय." मग खिडकीकडे मान वळवून म्हणाले, "गाव उठून गेलं का रे?"

बाहेर मंडईला जाणाऱ्या लोकांची गर्दी होती.

मोठी आई चुलीशी बसून सांगत होती की माणसं सुरुवातीला यायची. पण हॉलमधून, सुनेच्या स्वयंपाकघरासमोरून, बोळातून वळून आत जायचं म्हणजे चिखलाच्या पायांनी कोण जाणार? रस्त्यावरूनच विचारायची, "बुढा बरा हाय का?" आतून कोणी तरी 'बरा हाय' म्हणायचं. आता तेही विचारत नव्हती. आणि मोठेबाबा दिवस दिवस तोंड उघडत नव्हते.

मी दादाला म्हटलं, पुढे टिनाचं छप्पर काढू, त्यांना तिथे ठेवू. दादाला माझा राग आला नव्हता, ते एक वाईटच. तो समजावल्यासारखा म्हणाला, "आता काही हात नको लावू. शेवटच्या हप्त्याचा फोटो व्हायचा आहे. नंतर बघू." रोज बाहेर तरी काढा, म्हटलं. पण त्याला दोन गडी लागत, पलंग त्या बोळातून वळत नव्हता, आणि कापणीच्या दिवसांत घरी गडी कुठून आणायचे? तो बोळ मी स्वतः काढला होता.

कॉलेजला परतलो तर नवीन प्रोजेक्ट होता, गावासाठी समाजमंदिर. मी इमारतीच्या चारी बाजूंनी लांबलचक सपरी काढली. सरांनी पेन्सिल ठेवून विचारलं, ही एवढी जागा कशासाठी वाया घालवलीस? मी म्हटलं, बसायला. ते म्हणाले, बसायला हॉल आहे ना. शीटवर सपरी काढणं फुकटचं होतं, आणि तिथे मोठेबाबा नव्हते.

थंडीत दादाचा फोन आला. फोटोला माणूस येणार, आणि ज्याच्या नावावर घरकुल तो घरापुढे पाहिजे. बाबांना उचलायला ये. मी गेलो. मोठ्या आईने त्यांची दाढी करवून घेतली होती, धुतलेली बंडी घातली होती. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दादाने आणि मी त्यांना बोळातून, हॉलमधून बाहेर आणलं आणि अंगणात रस्त्याकडे तोंड करून ठेवलं.

फोटो तिथूनच सरकारी साइटवर चढवायचा होता, आणि घेणाऱ्याच्या मोबाइलला नेटवर्कच सापडेना. तो हात वर करून अंगणभर फिरत राहिला. दीड-दोन तास गेले असतील. तेवढ्यात रस्त्यावरून मोठेबाबांच्याच वयाचा एक म्हातारा सायकल हाती धरून जात होता. तो थबकला.

"का गा, जिता हायेस?"

"तुले पोचवूनच जाईन," मोठेबाबा म्हणाले.

म्हाताऱ्याने सायकल भिंतीला लावली आणि मातीतच बसला. मग दुसरा आला. तिसरा. मोठेबाबांच्या तोंडातून लाळ गळत होती, अर्धे शब्द फुटत नव्हते, पण ते बोलत होते. एकाला त्यांनी बजावलं की तुझ्या मागच्या पडवीची कवेलं यंदा फेरली नाहीस तर भिंत बसेल. लोक हसत होते. मोठी आई दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

फोटो निघाला. "हो गया," तो माणूस म्हणाला आणि गेला. लोकही आपापल्या कामाला उठले. दादाचा ट्रॅक्टर खोळंबला होता, माझी परतीची बस होती. आम्ही खुर्ची उचलली.

"राहू दे ना थोडा," मोठेबाबा म्हणाले.

"मग आत कोन नेईल, बाबा?" दादा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

खुर्ची दारात आली तसा मोठेबाबांनी चांगल्या, उजव्या हाताने चौकट धरली. कवेलू फेरणारा हात तो. जोर अजून शाबूत होता. खुर्ची उंबऱ्यावर टेकली. दादा मागून म्हणाला, "सोड, बाबा." त्यांनी सोडलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग असता तर मी निभावून नेला असता.

"तू तं शिकेल हायेस," ते म्हणाले. "तू सांग याले."

दादाचे दोन्ही हात खुर्चीत अडकले होते. मी माझा एक हात मोकळा केला आणि त्यांची बोटं चौकटीवरून एक-एक करून सोडवली. मला लाज वाटत होती, पण हात थांबला नाही.