गळला की गाळला

काकूचा फोन दुपारी आला, तेव्हा मी घाटकोपरच्या घरी जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. आरेतल्या एका पाड्यावर अजून नळ आलेला नाही, त्याबद्दलचं पत्रक. "काका गेले गं," ती म्हणाली. "ये, पण धावत नको येऊस. आता घाई कशाची..." हातातली घडी मी पूर्ण केली. का, ते सांगता येत नाही. मग मुलुंडला गेले. याला आता पाच आठवडे झाले.

अरविंदकाका हा माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. कोकणातून आलेल्या एका गिरणी कामगाराचे हे दोन मुलगे. थोरला युनियनमध्ये गेला, धाकटा इंजिनीअर होऊन अणुवीज केंद्रात. मी थोरल्याची मुलगी. 'निषेध' हा शब्द मला स्वतःच्या नावाआधी लिहिता येत होता असं आई सांगते. काका मात्र पंपांचा माणूस. अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या पंपांवर त्याची उमेदीची वर्षं गेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतलं बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते सांगायचं, ही त्याची पद्धत. सोसायटीच्या पाण्याच्या पंपालाही तो असाच कान लावायचा. वॉचमन हसायचा, आणि पंप काकाने सांगितलेल्या आठवड्यातच बंद पडायचा.

पुढे बढती मिळाली आणि तो मुख्यालयात प्रशासनात गेला. जमिनी, परवाने, जनसुनावण्या. कोकण किनाऱ्यावरच्या एका नव्या अणुप्रकल्पाचं काम त्याच्याकडे आलं, आमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडे. रविवारी दोघे भाऊ बांगडा खात भांडायचे. "काय साहेब, गाव विकलंस की नाही अजून?" वडील विचारत. "तुका इचारून विकतलंय," काका म्हणे आणि त्यांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढे. ऑफिसचं काम कसं चाललंय असं विचारलं, तर फक्त म्हणायचा, "फायलीला कान लावून काय ऐकू येतं?" त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा तेव्हापासूनचा. मी तो तेव्हा अपराधीपणा समजत होते. तेवीस वर्षांची होते, मला सगळ्यांचे चेहरे वाचता येत होते.

त्या प्रकल्पाविरुद्धचं पत्रक मी लिहिलं. वडिलांचा एक नियम होता, पत्रक छापण्याआधी ज्याच्या विरोधात आहे त्याला वाचायला द्यायचं. म्हणून मी ते मुलुंडला घेऊन गेले. काकाने जेवणाच्या टेबलावर बसून, पेन्सिल घेऊन, शांतपणे वाचलं. दोन वेलांट्या सुधारल्या. मग शेवटच्या परिच्छेदात, लोकांच्या शरीरात किती किरणोत्सार जाईल हे मी जिथे लिहिलं होतं, तिथे 'सिव्हर्ट'च्या आधी बारीक अक्षरात 'मिली' लिहिलं. म्हणजे माझा आकडा हजारपट फुगलेला होता. "बाकीचं तुझं मत आहे, त्याला मी हात लावत नाही," तो म्हणाला. "हे मत नाही."

मला ती साहेबी चाल वाटली; प्रत मी टेबलावरच सोडून आले. संध्याकाळी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन पुस्तकात पाहिलं. काका बरोबर होता. मी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पत्रक तसंच छापायला दिलं. मोठा आकडा मोठं काम करतो, असं मी स्वतःला सांगितलं.

सुनावणीच्या मांडवात एका कोळिणीने माझं पत्रक उंच धरून तो आकडा वाचला आणि विचारलं, मग उद्या आमचे मासे कोण घेणार? मंचावर काकाच्या शेजारी बसलेल्या वरिष्ठाने त्याच्याकडे चिठ्ठी सरकवली. काकाने हजारपटीची ती चूक सांगितली असती, तर मांडव हसला असता, आणि पत्रकातलं बाकीचं सगळं खरं त्या हसण्यात वाहून गेलं असतं. काकाने मांडवभर नजर फिरवली, मी दिसले, नजर पुढे गेली. माईक घेऊन तो म्हणाला, आमच्या कागदांतला आकडा वेगळा आहे, तो मी लेखी देतो. पण बाई विचारतायत की उद्या मासे कोण घेणार, त्याचं उत्तर आमच्याकडे नाही. वरिष्ठाने चिठ्ठी परत घेतली. काही महिन्यांत काकाकडून प्रकल्प गेला. निवृत्तीपर्यंत त्याच्याकडे अतिथीगृहं आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहतींची देखभाल होती.

सुनावणीनंतर मी मुलुंडला गेले तेव्हा त्याने आधी चहा ठेवला. मग म्हणाला, "तुझो मिली खंय गेलो गो?"

"प्रेसमध्ये गळला," मी म्हटलं.

"गळलो काय गाळलो?"

मी बशीत चहा ओतला. "बरं," तो म्हणाला. "दुरुस्ती काढ मग."

ती मी काढली नाही. पुढे कित्येक वर्षं, भेटलो की तो विचारायचा, "काय गो, दुरुस्ती?" चेष्टेतच विचारायचा, काकूही हसायची. मी म्हणायचे, पुढच्या पत्रकात नक्की. पुढची पत्रकं निघत राहिली, दुसऱ्याच प्रश्नांवर. तो प्रकल्प झाला नाही आणि रद्दही झाला नाही. माळावर गंजलेली पाटी आहे, सातबाऱ्यावर शेरा आहे, आणि जमीन ना पेरता येते ना विकता येते. आम्ही जिंकलो की काय, हे मला अजून सांगता येत नाही. शेवटच्या भेटीत काका खाटेवर होता, बोलताना धाप लागत होती. मीच म्हटलं, "काका, ती दुरुस्ती..." त्याने हात हलवला. "ऱ्हवांदे. तू पण दमलंस आता."

परवा काकूने जेवणाच्या टेबलावरची काच पुसायला उचलली. खाली विजेचं बिल, डॉक्टरांचं कार्ड, आणि माझ्या पत्रकाची तीच पेन्सिल लागलेली प्रत. एवढी वर्षं त्याचं ताट तिच्यावर होतं, आणि मी गेले की माझंही. "नेतेस?" काकूने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने काच पुन्हा ठेवली.

त्या पत्रकातल्या बाकी प्रत्येक ओळीवर मी आजही ठाम आहे. शेवटच्या परिच्छेदात 'सिव्हर्ट'च्या जागी 'मिलीसिव्हर्ट' असं वाचावं. प्रेसची चूक नव्हती. मिली गळला नव्हता, काका. मी गाळला.