मेहबूब गुरुजींचा तास

उदगीरहून मेहबूब गुरुजींच्या शबानाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, अब्बा गेले," एवढंच बोलली. मी विचारलं, "जेवले होते का?" असल्या वेळी माणूस काय विचारेल याचा नेम नाही... महिना होऊन गेला. अजूनही मेहबूब गुरुजींचं नाव निघालं की मला आधी त्यांचा राग आठवतो. लातूरच्या आमच्या प्राथमिक शाळेत ते संगीत आणि नाटक शिकवायचे, मी तिसरीचा वर्ग सांभाळायचे. पोरगं बेसूर गायलं तर चालायचं. तोंडातल्या तोंडात गायलं की गुरुजी पेटी बंद करून उठायचे. "अरे, चूक तरी मोठ्यानं कर की!"

भूकंपानंतर शाळा उघडली तेव्हा पोरं स्लॅबखाली यायला तयार नव्हती. दारापर्यंत यायची आणि तिथंच रडायची. आम्ही बाया गोंजारून, गोळ्या-बिस्किटं दाखवून थकलो. गुरुजी म्हणाले, "बाई, लेकरं भिऊन राहिलीत. बाराखडी कुठं पळून जाती का? आधी नाटक करू." मैदानात त्यांनी स्वतः भुईचं काम घेतलं. मातीत आडवे झाले, गडगडले, थरथरले, आणि पोरांनी चहूबाजूंनी बोटं नाचवत दटावायचं, "ए भुई, गप पड!" पहिल्या दिवशी दोघं-चौघं पुटपुटली. मग अख्खी शाळा ओरडायला लागली. चांगला लेकराबाळांचा माणूस रोज धुळीत लोळत होता आणि पोरांची बोलणी खात होता. एक दिवस भुई गप पडली आणि पोरं हसत हसत वर्गात शिरली. त्या दिवशी मी पदराआड रडले, खोटं कशाला सांगू.

पुढे लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. गल्लोगल्ली बोर्ड लागले, आणि दहावी-बारावीचं वेड उतरत उतरत आमच्या चौथीपर्यंत पोचलं. पालक यायचे. "गुरुजी, गाणं झकास शिकवता हो, पण त्याचे मार्क कुठं धरतेत?" संगीताचा तास स्कॉलरशिपच्या सरावाला द्यायचं ठरू लागलं, तेव्हा गुरुजींनी तोड काढली. पाढेच चालीवर बसवतो म्हणाले. बसवलेही! सतराचा पाढा भैरवीत... वर्ग असा रंगायचा की मुख्याध्यापकही खिडकीशी थांबायचे. तास वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले.

आणि परीक्षेत घात झाला. सतरा आठे किती, हे आमच्या पोरांना मधूनच सांगता येईना. सतरा एके सतरापासून चाल धरावी लागायची, तीही मोठ्यानं, कारण हळू गायला गुरुजींनी कधी शिकवलंच नव्हतं. एकानं सुरू केलं की मागच्या बाकावरून दुसरा साथ द्यायचा. पर्यवेक्षक ओरडून थकले. पेपर निम्मा कोराच राहिला. पालक शाळेवर चालून आले, तास गेला, पेटी कपाटात गेली आणि गुरुजींना ऑफिसात पत्रकं भरायला बसवलं. मी मुख्याध्यापकांकडे गेले, पुन्हा गेले. "बाई, तुम्हीच पालकांना समजावा मग," म्हणाले. समजावलं. कोणी ऐकलं नाही. गुरुजीच मला म्हणाले, "जाऊ द्या बाई. पोरं गायली तर खरं. अर्ध्यात सोडलं न्हाई कुणी." हसले, आणि पुढचं पत्रक ओढलं. निवृत्त होऊन उदगीरला गेले ते पुन्हा शाळेत आले नाहीत.

गेल्या आठवड्यात शाळेनं त्यांची शोकसभा ठेवली. मलाही बोलावलं होतं. नवे मुख्याध्यापक भले गृहस्थ, चार शब्द मनापासून बोलले. शेवटी प्रार्थना व्हायची होती आणि नेमकी लाईट गेली. तिथं आता रोजची प्रार्थना स्पीकरवर लागते. "म्हणा रे मुलांनो, तोंडानं म्हणा," सर म्हणाले. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मी सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला माझा आवाज चिरकला. कुणी ओळ उचलली नाही. पोरं गुणी होती. हात जोडून, डोळे मिटून, लाईट यायची वाट बघत उभी होती.