इंदूकाकूच्या दारातली पिकअप

आधी माफी मागतो. परीक्षेपुरतं मला लिहिता येतं, पण स्वतःबद्दल काही लिहावं आणि ते चार माणसांनी वाचावं, एवढा मी कोण? आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. दारात आलेला कुठलाही कागद माझ्यापुढे येतो आणि मी वाचून सांगेन ते खरं धरलं जातं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, जुन्नरला खोलीवर माझ्यासोबत राहणाऱ्या मित्राला नाही. आता काही जणांना ती कळली आहे, पण माझ्या तोंडून नाही. माझ्या तोंडून ती पहिल्यांदा इथेच निघते आहे, आणि तीही कागदावर, कारण समोर माणूस असला की मी काय करतो ते मला माहीत आहे.

आमची वस्ती अवसरी बुद्रुकच्या पलीकडे आहे, सहा-सात घरांची. आमच्या शेजारचं घर इंदूकाकूचं. मध्ये कुंपण नाही, एक शेवगा आहे, त्याच्या शेंगा आई आणि काकू वाटून घेतात. काकूचा नवरा म्हादूकाका. त्यांच्या घरची मेंढरं त्याच्या बापानंच विकली. आता तो दिवाळी झाली की मेहुण्याच्या मेंढरांमागे घाट उतरून कोकणात जातो, तो पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. तोवर काकू आणि तिची मुलगी कोमल, दोघीच. काकू रोजानं लोकांच्या शेतात जाते.

बायकांच्या खात्यावर दर महिन्याला थेट पैसे जमा करणारी सरकारी योजना आली, तेव्हा वस्तीवरच्या सगळ्या बायकांचे अर्ज मीच भरले, माझ्या फोनवरून, आमच्या ओट्यावर बसून. काकूचा फोटो मीच काढला. ती तोंड धुऊन आली, पदर नीट केला आणि श्वास रोखून बसली. मी म्हणालो, काकू, श्वास घेतला तरी चालतं. सगळ्या हसल्या. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

पैसे आले. रक्कम काही फार नव्हती. पण काकूमध्ये जे बदललं ते मी शेजारी राहून पाहिलं. आधी तिनं मंचरला जाऊन चष्मा केला. कित्येक वर्षं ती तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग तिनं एक गाभण मेंढी घेतली — त्या घरात इतक्या वर्षांनी स्वतःची म्हणावी अशी एक मेंढी. अंगात ताप असताना कांद्याच्या लागणीला जायचं तिनं बंद केलं. मुकादम म्हणाला, "इंदू आता मालकीण झाली, राव." तर ती म्हणाली, "व्हय. तू रिकामा असशील तर सांग, तुलाबी कामाला ठेवीन." आणि कोमल बारावी झाल्यावर मंचरला नर्सिंगच्या कोर्सला जाऊ लागली. वडापच्या जीपचं भाडं आणि कोर्सचा महिन्याचा हप्ता त्याच पैशातून.

पण मला आठवतं ते वेगळंच. आधी काकूला काहीही विचारलं की ती "बघू" म्हणायची. पैसे सुरू झाल्यावर ती "पुढच्या महिन्यात" म्हणायला लागली. पुढच्या महिन्यात पत्रा बदलू. पुढच्या महिन्यात कोमलला कोर्सचे पांढरे बूट घेऊ. पुढचा महिना असा हातात धरल्यासारखा बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

आता सांगतो. नाही, आधी गाडीचं सांगायला हवं.

माझे वडील भाड्याची गाडी चालवतात. टोमॅटोचे क्रेट नारायणगावला, कांदा मंचरला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. कागद अजून आधीच्या मालकाच्या नावावरच आहेत, ते बदलून घ्यायचं राहून गेलं. योजनेचा एक नियम असा होता की ज्या घरात चारचाकी, त्या घरातल्या बाईला पैसे नाहीत. ट्रॅक्टर चालतो, पिकअप नाही. हा नियम घरात फक्त मला ठाऊक होता, कारण वाचणारा मीच. आईचा अर्ज भरताना मी तो वाचला आणि पुढे सरकवला. आईच्या खात्यावर येणाऱ्या त्या पैशांवर माझी जुन्नरची खाणावळ चालत होती. ती मला म्हणायची, पोटभर जेव, डाळीवर नको भागवू.

कांद्याच्या लागणीचे दिवस होते. सुट्टीला मी घरी आलो होतो. सकाळी गावाच्या ग्रुपवर निरोप आला की अंगणवाडीच्या बाई आज योजनेच्या पडताळणीला घरोघरी येणार आहेत. आई, काकू आणि कोमल लागणीला गेल्या होत्या. कोमलचा कोर्स त्या दिवशी बंद होता. वडील कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून मंचरला गेले होते. आणि पिकअप आमच्या दारात उभी.

मला वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे. काकूच्या घराला कुलूप आहे, कुलूप बघून बाई पुढे जातील. मी गाडी सुरू केली आणि शेवग्याच्या पलीकडे, काकूच्या दारात नेऊन लावली. साठेक पावलांचं अंतर असेल. कुणाचं वाईट करावं असं माझ्या मनात नव्हतं — हे खरं आहे, पण हे लिहून मी काय मिळवतो आहे? मनात काय होतं ते गाडीला माहीत नव्हतं. ती जिथे लावली तिथे उभी होती.

बाई आल्या. आमच्या ओट्यावर बसल्या. मी चहा केला. त्यांनी आईचं नाव तपासलं, घर पाहिलं, खूण केली. मग चहाचा कप हातात धरून त्यांनी शेवग्याच्या पलीकडे पाहिलं.

"अगं बया, इंदूनं पिकअप घेतली व्हय? आन् आमाला पेढाबी नाय."

त्या चेष्टेत म्हणाल्या असतील. मी हसलो. मग त्यांनी वही मांडीवर घेतली आणि नीट विचारलं, "त्यांचीच हाय ना रं?"

किती वेळ होता माझ्याकडे? एक श्वास. तेवढ्यात मी "नाही" म्हणू शकत होतो. "पाहुण्याची आहे" म्हणू शकत होतो — खोटंच बोलायचं होतं तर निदान कुणाला न लागणारं खोटं. माझ्या तोंडून निघालं, "हं. असंल."

बाईंनी लिहिलं. कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि गेल्या. दुपारी मी गाडी परत आणून आमच्या दारात लावली. काकू संध्याकाळी आली. तिला काही माहीत नव्हतं. मातीत चाकांच्या खुणा होत्या, त्या तिनं झाडून टाकल्या.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. भीतीनं बोललो, असं स्वतःला समजावलं असतं. पण पुढे जे केलं ते घाबरून केलं नाही. ते शांतपणे केलं.

दोन महिन्यांनी काकूचे पैसे बंद झाले. मी घरी गेलो की ती फोन घेऊन यायची. पदरात हरभऱ्याचा डहाळा असायचा, नाहीतर भुईमुगाच्या शेंगा. आई म्हणायची, अगं, तालुक्याला जाऊन इचार की. काकू म्हणायची, "आमचा सागर हाय ना. दुसऱ्याला कशाला इचारू?" आणि मी फोन हातात घेऊन उगाच इकडचं तिकडचं उघडत बसायचो. सर्व्हर बंद आहे म्हणायचो. आधार लिंक नसेल म्हणायचो. मग मी तिला मंचरला बँकेत पाठवलं. का? कारण घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत विचारलं असतं, तर त्यांनी खरं कारण सांगितलं असतं. बँकेला ते माहीत नव्हतं. मी तिला मुद्दाम अशा दारात पाठवत होतो जिथे उत्तर नाही. तीनदा. तीनदा तिचा दिवस बुडाला, आणि तीनदा तिनं येऊन मला सांगितलं की साहेब चांगला होता, पण त्याला कळेना.

तिसऱ्या खेपेनंतर ती मला म्हणाली, "माझंच काय चुकलं असंल का रं अर्जात?"

मी म्हणालो, बघतो.

आणखी एक आहे. हे सर्वांत अवघड आहे, म्हणून मागे ठेवत आलो. कॉलेजात एकदा सरांनी विषय काढला की गरिबांना थेट पैसे द्यावेत का. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, फुकटचं खाऊन लोक आळशी होतात. मी उठलो. मी कधी वर्गात बोलत नाही. पण त्या दिवशी बोललो. माझ्या शेजारच्या काकू आहेत, म्हणालो. चष्मा सांगितला, मेंढी सांगितली, कोमलचा कोर्स, तिचे पांढरे बूट सांगितले. तापात कामाला जायचं तिनं बंद केलं, ते सांगितलं. म्हणालो, पैशानं माणूस आळशी होत नाही, त्याला पुढचा महिना दिसायला लागतो. सर म्हणाले, असं जवळून पाहायला हवं.

यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त "आहे" असं मी जे जे म्हणालो ते तेव्हा "होतं" झालेलं होतं. मेंढी विकली गेली होती. बरोबर तिचं कोकरूही. कोमलचा हप्ता थकला म्हणून कोर्स सुटला होता. आदल्याच आठवड्यात एसटीच्या खिडकीतून मी तिला पाहिलं होतं, रस्त्याकडेच्या रानात, बायकांच्या ओळीत वाकलेली. तिनं मला ओळखलं आणि चिखलाचा हात वर केला. मीही केला. आणि मग मी वर्गात उभा राहून तिच्या पांढऱ्या बुटांचं सांगितलं. खाली बसताना मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

मी कुणाला का सांगितलं नाही? आईचे पैसे बंद होतील म्हणून? खाणावळ सुटेल म्हणून? ही कारणं मी बरेच दिवस वापरली. खरं कारण लहान आहे. मी वस्तीवरचा शिकलेला मुलगा होतो, आणि मला तसंच राहायचं होतं.

गेल्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. आईचा नाही. ते कधी फोन करत नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

कोमल मला न विचारता एकटीच घोडेगावला गेली. तिथे तिला कागद दाखवला — घरात चारचाकी. काकू अंगणवाडीच्या बाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, मी डोळ्यानं पाह्यली की, पांढरी, मागं लाल अक्षरात नाव लिवलेली. आन् शेजारच्या सागरला इचारूनच लिवलं. लाल अक्षरांची पांढरी पिकअप वस्तीवर एकच आहे. काकू आमच्या घरी भांडायला आली नाही. दुसऱ्या दिवशी खुरपताना ती आईला एवढंच म्हणाली, "तुझ्या लेकाला इचार, माझ्या दारात गाडी कवा व्हती."

आईनं मला विचारलं नाही. तिनं खुरपं तिथेच ठेवलं आणि घरी आली. लग्नाकार्याचं लुगडं नेसली, आणि काकूला घेऊन वडापनं घोडेगावला गेली. कचेरीत तिनं सांगितलं, गाडी आमची हाय, हिची नाय, माझ्या पोरानं खोटं सांगितलं. जे मला इतके महिने जमलं नाही ते आईनं एका सकाळीत केलं. अर्जावर तिनं अंगठा दिला. सही तिला येते — मीच शिकवली होती. तिनं अंगठा दिला.

आईचे पैसे बंद झाले. काकूचे अजून सुरू झालेले नाहीत, फेरतपासणी व्हायची आहे.

मी वडिलांना विचारलं, कोमलच्या कोर्सचं काय? ते म्हणाले, वडापमधनं येताना तुझ्या आईनंबी तेच इचारलं.

काकू काय म्हणाली?

वडील म्हणाले, "बघू, म्हणली."