पहिल्या लोंढ्याची बाटली

आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मामा नमुने आणतात. ते कुणाचेच मामा नाहीत, पण साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्याकडे वाळवंटातला एक ओढा आहे. वर्षातले दहा महिने त्यात थेंब नसतो. मामा तरी दर सोमवारी उन्हातान्हात जातात, वहीत 'ओढा कोरडा' असं लिहितात आणि सही करतात. या कामात घरबसल्या खोटं लिहायला भरपूर वाव आहे. त्याचा फायदा त्यांनी कधी घेतला नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

मी तिथली रसायनतज्ज्ञ. सगळे मला टरकून असतात आणि मला ते आवडतं.

ओढ्याला पाणी आलं की मामा काचेच्या बाटल्या भरून आणायचे आणि मी त्यातलं नायट्रेट मोजायचे. दर वर्षी तीच रड. पहिल्या बाटलीत आकडा आभाळाला टेकलेला, तीन आठवड्यांनंतरच्या बाटलीत जवळजवळ शून्य. ओढा तोच, जागा तीच. अकरा वर्षांपूर्वी मी मामांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं.

"बाटल्या धुता, की नुसत्या ओल्या करता?"

"धुतो, मॅडम."

मी आकड्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'बाटली अस्वच्छ'. पुढे दर वर्षी पहिल्या बाटलीवर रेघ मारत गेले. हाताला सवयच लागली.

यंदा नवे साहेब आले. त्यांनी वह्या चाळल्या, लाल रेघा पाहिल्या आणि मामांना एक तारखेपासून स्टोअरमध्ये बसायला सांगितलं. सेवापुस्तकात 'कामात निष्काळजी' असा शेराही जाणार होता. मामांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि तोवर त्यांच्या नावावर एकही शेरा नव्हता. ते साहेबांशी भांडले नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, एकदा तुम्ही चला. बाटली तुमची, हात तुमचे. मी नुसती जागा दाखवतो."

वरच्या चौकीवरून फोन आला, की डोंगरात पाऊस झालाय. नवीकोरी सीलबंद बाटली घेऊन मी गेले. कोरड्या पात्राच्या काठावर आम्ही दीड तास उभे होतो. लोंढा म्हणजे गर्जना वगैरे होईल असं मला वाटलं होतं. तो माणसाच्या चालीने आला, चहाच्या रंगाचा, पुढे फेस, काटक्या आणि मेलेले किडे ढकलत.

"हे भरू? ही तर घाण आहे!"

"घाणच भरायची," मामा म्हणाले. "दहा महिने जमिनीत जे साठतं, ते सगळं हे पाणी विरघळवून आणतं. मागचं पाणी रिकाम्या हाताने येतं. पुढे पाणी संथ झालं की शेवाळ धरतं, ते उरलंसुरलं खाऊन टाकतं. मग तुमच्या यंत्राला काय सापडणार?"

"मग हे अकरा वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बाटलीचं विचारलंत, मॅडम. ओढ्याचं कुणी विचारलंच नाही."

आकडा आला. दरवर्षीसारखाच. मी पुन्हा मोजला, तेवढाच आला. बाटली माझी, हात माझे, यंत्रही माझंच. ज्याच्यावर ओरडावं असं कुणी उरलं नव्हतं.

वह्या काढल्या आणि प्रत्येक लाल रेघेशेजारी लिहिलं, 'नमुना योग्य. चूक माझी.' खाली सही केली. लिहिताना मला लाज वाटली, आणि ती शेवटच्या वहीपर्यंत कमी झाली नाही. साहेबांनी मामांची बदली रद्द केली. शेरा लिहायला घेतलाच होता, तो माझ्या सेवापुस्तकात गेला.

मामांना मी हे सांगितलं. त्यांनी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं.

"मॅडम, घरी एक फोन लावू?"

"लावा की."

पलीकडे मामी होत्या.

"अगं, ऐक," मामा म्हणाले, "आता त्या बाटल्या दोन-दोनदा उकळत बसू नकोस. पहिल्यापासून स्वच्छच होत्या."