समैस्मातला बर्फ

कतारमध्ये, भर मे महिन्यात, माझ्या सासूबाईंना थंडी वाजत होती.

त्या वसईहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आम्ही तेव्हा बिन महमूद भागात फ्लॅटमध्ये राहायचो. बायको सिल्विया हॉस्पिटलात नर्स, मी एका कंपनीत अकाउंट्सला, आणि शाळकरी मुलगी शर्ली, जिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीतच यायचं. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी बघून बघून सासूबाई कंटाळल्या.

"तिन्ही बाजूंनी समुद्र म्हणता, तो ठेवलाय कुठं?" त्यांनी विचारलं.

हे मी ऑफिसात सहज बोलून गेलो. आमचा साहेब इंग्रज. तो समैस्माला समुद्राकाठी व्हिलात राहायचा आणि व्हिलामागे वाळूवर त्याची कॅराव्हॅन उभी असायची. म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत एक पलंग, एक बाकडं, गॅसची शेगडी आणि कपाटाएवढा संडास. साहेबाचा तिच्यावर भारी जीव. तरी म्हणाला, "शुक्रवारी मदर-इन-लॉला घेऊन ये. मी दुपारी जेवायलाच येतो." माझं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. नाही कसं म्हणणार?

शुक्रवारी सकाळी पोचलो. सासूबाईंनी समुद्र बघितला, पसंत केला, आणि ऊन फार म्हणून आत येऊन पलंगावर बसल्या. छताला एसीची हवा यायला चार गोल जाळ्या होत्या. एक पलंगावर, एक बाकड्यावर, एक शेगडीवर, एक संडासात. पलंगावरची नेमकी सासूबाईंच्या डोक्यावर.

"डॉमनिक, माझ्या टाळूवर कुणीतरी फुंकर घालतंय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला. मग शिंकल्या.

"एसी कमी कर ना," सिल्विया म्हणाली.

"मग आपण शिजू. फक्त ही एक जाळी बंद करतो. साधं काम आहे."

'साधं काम' हे शब्द ऐकले की सिल्विया मासे कापायची सुरी खाली ठेवते. तशी तिनं ठेवली.

जाळीभोवती एक प्लास्टिकची कडी होती. मी ती फिरवून पाहिली, हलली नाही. "जाम आहे," मी निदान केलं. मग स्वयंपाकासाठी आणलेली ॲल्युमिनियमची फॉइल घेतली, घडी करून जाळीवर लावली आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. हवा बंद. सासूबाईंनी टॉवेल सोडला. "हुशार आहे हो जावई," असं त्या म्हणाल्याही. (हे वाक्य मी जपून ठेवलंय. पुन्हा ऐकायला मिळालं नाही.)

पण एसीची हवा कुठंतरी जाणारच. ती बाकड्यावर गेली. शर्ली तिथं पत्ते मांडून बसली होती. राजा, राणी, गुलाम उडाले ते थेट माशांच्या मसाल्यात.

"पप्पा, नॉट फनी," शर्ली म्हणाली.

मी बाकड्यावरची जाळी बंद केली. आता सगळा जोर शेगडीवर. सासूबाईंनी वसईहून आणलेला मसाला लावून सिल्वियानं हमूर माशाचे तुकडे तव्यात सोडले आणि खालची ज्योत विझली. पेटवली, विझली. पुन्हा पेटवली.

"डॉमनिक," ती शांतपणे म्हणाली, "मी मासे तळू की मेणबत्त्या विझवायचा खेळ खेळू?"

तीही जाळी बंद केली. राहिली एकच. त्यामुळे त्या कॅराव्हॅनमध्ये माणसं बसतात तिथं उकडू लागलं आणि संडासात काश्मीर झालं. शर्ली पुस्तक घेऊन आत गेली ती बाहेर येईना. सासूबाई दार वाजवून म्हणाल्या, "अगं, निघ आता, मला जायचंय." मग त्या गेल्या, आणि त्याही लवकर आल्या नाहीत.

इतक्यात छतातून घरघर सुरू झाली आणि संडासातलीही हवा थांबली. मी बाकड्यावर चढून एसीचं झाकण स्क्रू काढून उघडलं. आत पांढराशुभ्र बर्फ जमला होता. हवेला वाट न मिळाल्यानं यंत्र स्वतःच गोठून बसलं होतं.

"पप्पा, स्नो!" शर्लीला पहिल्यांदाच माझा अभिमान वाटला.

मी घाईनं एसी बंद केला. मग व्हायचं तेच झालं. बर्फ वितळला आणि त्याची धार पलंगावर लागली. साहेबाची गादी, साहेबाची चादर, आणि काठावर बसलेल्या साहेबाच्या पाहुण्या, म्हणजे सासूबाई. काँट्रॅक्ट आता कोणत्या तोंडानं मागायचं?

सिल्वियानं गादी उन्हात टाकली. (मे महिन्यातलं ते ऊन, गादी पापडासारखी वाळली.) फॉइल ओढून काढली, शेगडीवरची तेवढी घाईत राहून गेली. पलंगावरच्या जाळीचा चिकटपट्टीचा डाग पुसताना फडक्यासोबत ती प्लास्टिकची कडी डावीकडे फिरली आणि जाळी अलगद मिटली.

"तू कुठल्या बाजूला फिरवलीस?" तिनं विचारलं.

"उजवीकडे," मी म्हणालो.

तिनं बाकड्यावरची जाळी उघडीच ठेवली आणि एसी चालू केला. तो चालला.

साहेब आला. आम्ही त्याला बाहेर छत्रीखाली चटईवर बसवलं, आत जायचं कारणच पडू नये म्हणून सासूबाई त्याच्या ताटात तुकड्यांवर तुकडे वाढत राहिल्या. "और लो, साब. कांटा देखके." साहेब लालबुंद झाला, पाण्याचे ग्लासावर ग्लास प्याला, आणि शेवटी उठून नको तिथंच गेला. संडासात.

बराच वेळ आला नाही. मी वाळूत बोटानं राजीनाम्याचं इंग्रजी जुळवत होतो.

साहेब बाहेर आला तो गंभीर चेहऱ्यानं. "डॉमनिक, ही कॅराव्हॅन घेतल्यापासून टॉयलेटमध्ये हवाच येत नव्हती. दोन मेकॅनिक येऊन गेले. आज आत मस्त गारवा आहे. तू काही केलंस?"

शेगडीवर राहून गेलेली फॉइल मला आठवली. "थोडं ॲडजस्ट केलं, सर," मी नम्रपणे म्हणालो. सिल्विया समुद्राकडे बघत होती.

काँट्रॅक्ट रिन्यू झालं. सोबत, पुढच्या शुक्रवारी व्हिलातल्या बेडरूमचा एसी बघायला ये, असं आमंत्रणही आलं. मी गेलो. हातात नवा स्क्रूड्रायव्हर होता, आणि बरोबर सिल्विया होती. साहेबाला वाटलं, बायकोला समुद्र दाखवायला आणलंय.