दाजींची खुर्ची

मी पळायला लागले ती नवऱ्याला चालायला लावण्यासाठी. तब्येतीची हौस वगैरे काही नव्हती. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले आणि दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, की आता काळजी नाही, फक्त रोज चाला, न चालणंच वाईट. आमच्या ह्यांनी त्यातलं ऐकलं ते एवढंच, की जपा. नायगावकडच्या शेतात दिवसभर बांधाबांधाने फिरणारा माणूस नांदेडच्या घरात सोफ्यावर बसला तो बसलाच. शेत पुतण्याकडे सोपवलं. पेपर आणायला गेटपर्यंत जायचे, तेही एक हात छातीवर ठेवून.

समजावून झालं, भांडून झालं. मी शाळेत गणित शिकवते. ऐकत नाही त्याच्यापुढे तेच तेच बोलून उपयोग नसतो, हे मला माहीत आहे. मी बूट आणले आणि एका पहाटे म्हणाले, "मी विष्णुपुरीच्या रस्त्याला पळायला चालले. अंधार आहे, कुत्री आहेत. यायचं तर या." बायको एकटी जाते म्हटल्यावर हे येणार आणि आले की चालणार, असं मी धरलं होतं.

ते आले. स्कूटी घेऊन.

मी पुढे पळायची आणि हे माझ्या मागे हेडलाईट लावून, दोन्ही पाय खाली सोडून, गाडी रांगवत यायचे. डिकीत पाणी, गूळ, नॅपकिन. "दम लागला का? थांब की जरा," असं दर थोड्या वेळाने. रस्त्यावरचा दूधवाला रोज विचारायचा, "मामा, मामी पळून चालल्या की काय?" हे म्हणायचे, "हाव ना. म्हणून तर मागं लागून राहिलो."

असे कितीतरी महिने गेले. माझं वजन उतरलं, दम वाढला, पळण्याची मला गोडीही लागली. ते मात्र स्कूटीवरून उतरलेच नाहीत. मग मी लातूरच्या अर्ध्या मॅरेथॉनला नाव दिलं. एकवीस किलोमीटर पळून मला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. त्या दिवशी रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत, एवढंच मला हवं होतं. बघायला यायचं तर चालत यावं लागणार.

यात मी एक गोष्ट धरलीच नव्हती. लातूर माझं माहेर आहे, आणि माहेरी हे जावई.

माझा धाकटा भाऊ निलंग्याहून लातुरात येऊन राहिला आहे. आदल्या दिवशी आम्ही एसटीतून उतरलो तर हा स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा. त्याचं घर समोरच्या गल्लीत.

"अरे, घर दिसतंय इथून. चालू दे की त्यांना," मी म्हणाले.

"अक्का, तू गप. दाजी चालत आले तर गल्ली मला काय म्हणंल?"

दाजी तोवर मागच्या सीटवर बसलेही होते.

रात्री मी भावाला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मी कशासाठी पळते, सगळं. त्याने मान डोलावली. म्हणाला, "समजलं. उद्या दाजीला कायच तकलीफ होऊ देत न्हाई." भावजय पोळीवर तूप सोडता सोडता हसली. मी तिथेच विषय सोडला.

सकाळी उजाडायच्या बेतात क्रीडा संकुलापासून शर्यत सुटली. माझ्या आजूबाजूला सगळी पोरंच. माझ्या मागे स्कूटीचा आवाज नव्हता आणि पहिला किलोमीटर मला पळणं जमेना. दोनदा मागे वळून पाहिलं. सवय झाली होती, दुसरं काही नाही.

औसा रोडला लागल्यावर एका चौकात बॅरिकेड लावले होते. बॅरिकेडच्या पलीकडे भावाची मोटारसायकल, अलीकडे चहाची टपरी, आणि टपरीपुढे निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत हे बसलेले. हातात बशी. भाऊ शेजारी उभा. लग्नात मांडवात बसवलं होतं, अगदी तसेच दिसत होते.

"गाडी सोडंना झाले पोलीस," भाऊ ओरडून म्हणाला. "म्हणून खुर्ची मागून घेतली. तू पळ बिनघोर."

ह्यांनी बशी वर करून मला दाखवली. रागात माणूस बरं पळतो, एवढं त्या दिवशी कळलं. पुढचे चार-पाच किलोमीटर कधी गेले समजलंच नाही. ह्या दोघांपुढे हात टेकले, उद्यापासून सोफा तर सोफा, असं मनाशी ठरवून टाकलं.

वळसा घालून परत येताना ऊन चढलं होतं. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. पाण्याच्या टेबलावर कुणीतरी संत्र्याची फोड दिली, ती तोंडात धरून मी त्याच चौकात आले. टपरीपुढे कुणीच नव्हतं. खुर्चीही नव्हती.

मी थांबले. पळताना थांबू नये म्हणतात, पण थांबले.

"इथं बसले होते ते कुठं गेले?"

"गेले की ते," चहावाला म्हणाला. "माझी खुर्ची बी घेऊन गेले."

"खुर्ची कशाला?"

"काय की बाई. ते दुसरे म्हणले लागंल, अन् उचलून नेली."

आमच्याकडे आजारी माणसाला उचलून न्यायचं तर खुर्चीत बसवून नेतात. ह्यांनाही छातीत दुखायला लागलं त्या दिवशी घरातून तसंच नेलं होतं, जेवणाच्या टेबलाची खुर्ची, दोघांनी दोन बाजूंनी धरलेली. मी चहावाल्याचा फोन मागितला आणि ह्यांचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. अनोळखी नंबर ते उचलत नाहीत. भावाचा नंबर मला पाठ नव्हता.

मग मी पळाले. कसं ते सांगता येणार नाही. किती अंतर उरलंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मनात एकच होतं, की मीच ह्या माणसाला घरातून ओढून इथवर आणलं. रस्त्याच्या कडेला उभा दिसेल त्या प्रत्येकाकडे बघत होते.

आधी मला खुर्ची दिसली. गर्दीच्या वर, उलटी, चार पाय आभाळाकडे. ती भावाच्या डोक्यावर होती. आणि भावाच्या दहा पावलं पुढे हे चालत होते. दोन्ही हात मोकळे, मागे-पुढे हलत होते, बांधावरून चालताना हलायचे तसे. मी त्यांच्या पाठीकडे बघत तशीच मागे मागे पळत राहिले. पुढे जाववेना.

शेवटी बरोबरीला आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तोंड कशानं असं झालं?" ते म्हणाले. "पाणी पिलीस का न्हाई?"

"तुम्ही कुठं निघालात?"

"तू कुठं संपवतीस ते बघायला. तिथं बसून काय दिसून राहिलं होतं? पोरंच पोरं."

मागून भाऊ धापा टाकत म्हणाला, "अक्का, किती सांगितलं, दाजी जरा टेका, जरा टेका. ऐकनाच."

"छातीत काही होतंय का?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. खरंच विचार केला. "न्हाई," म्हणाले. "पोटऱ्या दुखायलेत. तू पळ, आमचं आम्ही येतो."

मी पळाले. शेवटची पट्टी ओलांडली, कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी उपम्याची प्लेट दिली. मी प्लेट घेऊन संकुलाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. बसले नाही. बसले असते तर रस्ता दिसला नसता. ते यायला बराच वेळ लागला. त्या वेळात मला कळलं, की इतके महिने पहाटे गाडी रांगवत माझ्या मागे येणाऱ्या माणसाला काय वाटत असेल. डिकीतला गूळ, ते थांब-थांब म्हणणं, सगळं.

ते आले. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल. पदकाकडे बघितलंही नाही. माझ्या हातातली प्लेट घेतली आणि उभ्या उभ्याच उपमा खायला लागले. भावाने खुर्ची खाली ठेवली, रुमालाने पुसली आणि म्हणाला, "दाजी एकदा बी बसले न्हाईत. मीच दोनदा बसलो."

"बस तू," हे मला म्हणाले.

मी बसले. बूट काढले. ह्यांनी उरलेला उपमा माझ्यापुढे धरला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "खाऊन घे बिगीनं. खुर्ची त्या टपरीवाल्याची हाय, नेऊन द्यावी लागंल."

भाऊ म्हणाला तो रिक्षाने नेऊन देईल, दाजींनी आता आराम करावा.

"रिक्षा कशाला?" हे म्हणाले. "हितंच तर हाय."